टाकीच्या झाकणावरचं गंध

इंजिन बंद पडलं तेव्हा मी आत्याची साडी शोधत होते. खाली भीमा होती. वरून ती निळी वगैरे काही दिसत नाही. दूध जास्त झालेल्या चहासारखी दिसते. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड, दोन्ही काठांना ऊसच ऊस. पलीकडच्या गावात आत्या घराच्या स्लॅबवर पिवळी साडी हलवत उभी राहणार, आम्ही तिच्यावरून एक फेरी मारणार आणि परत जाणार, असं ठरलं होतं. नदी अजून ओलांडायची होती. तेवढ्यात इंजिन दोनदा खोकलं, एकदा मोठ्यानं फुरफुरलं आणि गप्प झालं. समोरचा पंखा इतका वेळ नुसता धूसर गोल होता. तो एकदम लाकडाची फळी होऊन आडवा थांबला.

पप्पांनी पेट्रोलचा कॉक पाहिला, स्टार्टर दोनदा दाबला आणि विमानाचं नाक खाली घातलं. मग म्हणाले, "बाळा, पट्टा घट्ट कर. आपण उतरतोय." घरी "गॅस बारीक कर" म्हणतात त्याच आवाजात.

पट्टा ओढायला मी मागे वळले आणि मला टाकी दिसली. आमच्या सीटांच्या मागे ती पांढऱ्या प्लास्टिकची टाकी असते. पेट्रोल अर्ध्याहून जास्त होतं. पण टाकीचे दोन्ही गाल आत गेले होते. ज्यूसचा डबा नळीनं शेवटच्या थेंबापर्यंत ओढला की चेपतो ना, अगदी तशी ती चेपली होती.

इंजिन का बंद पडलं ते मला त्या क्षणी कळलं. आणि हेही कळलं की पप्पांना ते माहीत नाही, आणि मला मात्र आदल्या संध्याकाळपासून दिसत होतं.

हे नीट सांगायचं तर आधी विमानाचं सांगायला हवं. पप्पा रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहेत. आम्ही कारेगावात राहतो. सहा वर्षांपूर्वी त्यांनी परदेशातून दोन माणसांच्या छोट्या विमानाचे आराखडे मागवले आणि निमोण्याच्या आमच्या शेतात पत्र्याची शेड टाकली. आराखडे इंग्रजीत होते. मी शिरूरच्या इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे घरात इंग्रजी ही माझी जबाबदारी, जशी गिरणीतून दळण आणणं ही पप्पांची. रविवारी मी पालथ्या क्रेटवर बसून वाचायचे, ते वेल्डिंग करायचे. परवानग्यांची पत्रंही मीच लिहिली. ती फाइल अशी वाढली की पप्पा म्हणायचे, "इमान उडंल, पर ही फाइल जमिनीवरनं न्हाई उठायची." पण उठली. पप्पांनी सुट्ट्या साठवून विमान चालवायचं रीतसर शिकून घेतलं, तपासणीवाले येऊन गेले, ठरलेल्या पट्ट्यात आणि ठरलेल्या उंचीपर्यंत उडायची परवानगी मिळाली. शेडच्या मागे काहीच उगवत नव्हतं अशा मुरमाड पट्टीवरून ते एकटे अनेकदा उडाले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच शेजारी बसणार होते.

या सगळ्याला आत्याचा विरोध होता. आत्या पप्पांची थोरली बहीण, दौंड तालुक्यात दिलेली. "माणसानं घर बांधावं, गोठा बांधावा. इमान कशाला बांधावं?" हे तिचं वाक्य मी सहा वर्षं ऐकलं. शेडमध्ये तिनं कधी पाऊल टाकलं नाही. पण यंदा दसऱ्याच्या संध्याकाळी ती ताट घेऊन आली. आमच्याकडे दसऱ्याला प्रत्येक यंत्राला गंध लावतात. त्या दिवशी पप्पांच्या पान्यांना, ड्रिल मशीनला, मोटारसायकलला, माझ्या लॅपटॉपलासुद्धा लावून झालं होतं. आत्या विमानासमोर थांबली आणि म्हणाली, "ह्याचं तोंड कुठंय?"

पप्पा इतके खूश होते की चेष्टेत म्हणाले, "पेट्रोल पितं तिथं."

मग आत्यानं टाकीच्या झाकणावर कालवलेल्या हळदी-कुंकवाचा चांगला जाड ठिपका दिला, त्यावर अक्षता ठेवल्या आणि अंगठ्यानं दाबल्या. त्या झाकणाला सुईच्या जाडीचं एक भोक आहे. पेट्रोल जसं खाली जातं, तशी बाहेरची हवा त्या भोकातून आत येते. ती आली नाही तर टाकी आवळत जाते आणि शेवटी पेट्रोल सोडत नाही. मला भोकावर गंध बसलेलं दिसलं. बोलावं असं वाटलं. पण आत्या पहिल्यांदा आली होती, डोळे मिटून हात जोडून उभी होती.

आत्या रात्रीच दौंडला परत गेली. सकाळी गंध वाळून कडक झालं होतं. उड्डाणाआधीची यादी मी वाचते आणि पप्पा एकेक गोष्ट हातानं तपासून "ओके" म्हणतात. मी वाचलं, झाकण घट्ट आहे का? पप्पांनी पिळून पाहिलं. "ओके." झाकण घट्टच होतं. भोकाबद्दल यादीत ओळ नव्हती. कुणी विचारलं की मी बरोबर सांगते. न विचारता सांगणं मला जमत नाही. शिवाय मला नेहमी वाटतं की मला दिसलं म्हणजे सगळ्यांना दिसलंच असणार. नातेवाईक मला शिष्ट म्हणतात. तसं असतं तर बरं झालं असतं; शिष्ट माणसं निदान चुका काढतात.

तर आम्ही खाली येत होतो. पंखांना ताणलेल्या तारांमधून वाऱ्याची शीळ येत होती.

"ऊस नको," पप्पा स्वतःशी बोलावं तसं म्हणाले. "पाणी दिल्यालं रान नको. तारा तू बघ. तारा कुठं हायत?"

विचारलं होतं, म्हणून मी सांगितलं. "डावीकडे विहिरीजवळ खांब. तार बांधाच्या कडेनं जातीय. उजवीकडे मोकळं."

उजवीकडे कापून नेलेल्या बाजरीचं लांब रान होतं. एका टोकाला कडब्याची गंजी, दुसऱ्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ आणि एक म्हैस. पप्पांनी उसाच्या शेंड्यांवरून वळण घेतलं, शेंडे इतके जवळून गेले की मी पाय वर घेतले. मग चाकं टेकली, उडी मारली, परत टेकली. खुंटांवरून विमान खडखडत गेलं, माझे दात एकमेकांवर आपटले आणि गंजीच्या बऱ्याच अलीकडे ते थांबलं. पप्पांनी स्विच बंद केला, माझं डोकं, हात, गुडघे असं एकेक चाचपून पाहिलं आणि मगच स्वतःचा पट्टा सोडला.

ते म्हातारे गृहस्थ म्हशीचा दोर हातातच घेऊन आले. घाई अजिबात नाही.

"रस्ता चुकला काय?"

"न्हाई आबा, इंजिन बंद पडलं," पप्पा म्हणाले.

"कुठं जायचं व्हतं?"

"पलीकडं. दौंडच्या बाजूला."

आबांनी काठीनं दाखवलं. "मंग पूल तिकडंय की."

मी हसले. पप्पाही हसले. ते वडगाव रासाईचं शिवार होतं आणि पंधरा मिनिटांत निम्मं गाव बांधावर आलं. मोटारसायकली आल्या, दोन ट्रॅक्टर आले. एकानं आत डोकावून विचारलं, "पुढारी कोन हाय आत?" आबांनीच परस्पर उत्तर दिलं, "पुढारी न्हाई. फिटर हाय, आन् त्याची पोरगी." लोकांचा थोडा हिरमोड झाला, पण कुणी परत गेलं नाही.

बाजरीच्या खुंटांनी पोटाखालचं कापड दोन ठिकाणी फाटलं होतं आणि एक चाक बसलं होतं. बाकी विमान धड होतं. पप्पांनी आधी परवानगीच्या कार्यालयात फोन लावला; असं काही झालं की लगेच कळवावं लागतं. मग आत्याच्या घरी कळवलं आणि पेट्रोलची नळी सोडवली. नळीनं आधी हवा ओढून घेतली, टाकीत गुडगुड झालं आणि तिचे गाल टप्‌कन बाहेर आले. गलबल्यात तो आवाज फक्त मी ऐकला, कारण मी टाकीकडेच बघत होते. त्यानंतर नळीतून पेट्रोल धो धो आलं.

"पेट्रोल तर येतंय," पप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरत गेलेला मला दिसला. पेट्रोल येतंय म्हणजे दोष पुढे, कार्बोरेटरमध्ये. आणि कार्बोरेटर त्यांनी स्वतः आठवड्यापूर्वी उघडून साफ करून बसवला होता. तो त्यांनी काढला, आबांनी दिलेल्या पंच्यावर त्याचे भाग मांडले आणि एकेक भाग उजेडात धरून बघत बसले. घाण कुठेच नव्हती. घाण सापडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण आबांची सून ताट घेऊन आली, कारण दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी रानात विमान उतरतं म्हणजे त्याला ओवाळायला नको? तिच्यामागे आणखी चौघी आल्या. मी काही म्हणायच्या आत पंखा, चाकं, शेपूट सगळीकडे हळदी-कुंकू लागलं. आत्याच्या ठिपक्यावर तिघींनी आपापले ठिपके दिले. आता झाकण कुठलं आणि कुंकू कुठलं हेही कळेना.

तेवढ्यात आत्या आली, काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, मोटारसायकलवर मागे बसून, पुलावरून. पिवळी साडी गुंडाळून काखेत मारलेली.

"आरं, तासभर हात हालवतीया मी स्लॅबवर! सगळं गाव मला बघतंय, आन् इमान कुठंय? इथं बाजरीत!" मग तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, पप्पांच्या पाठीवरून फिरवला, कुणाला काही झालं नाही याची खात्री करून घेतली. मला वाटलं, आता ती सहा वर्षांचं वाक्य म्हणणार.

पण पप्पाच आधी बोलले. "आक्का, तुझं बराबर व्हतं. आज पोरगी शेजारी व्हती माझ्या. इंजिन माझ्या हातचं हाय. मी न्हाई आता उडवायचो. पंख काढून ट्रॉलीत घालतो आन् शेडमधी टाकतो."

आत्या बांधावर खाली बसली. जिंकल्यावर माणूस असा बसत नाही.

पप्पांनी मला फोन दिला. कार्यालयानं रकाने पाठवले होते. वेळ, ठिकाण, इजा, नुकसान, संभाव्य कारण. आजच भरून पाठवायचं होतं. "लिही," पप्पा म्हणाले. "येळ तुला म्हाईत हाय. इजा न्हाई. नुकसान, कापड आन् एक चाक. कारण, इंजिनात बिघाड. बांधणाऱ्याची चूक."

मी पहिले चार रकाने भरले. पाचव्यावर बोट थांबलं. मी हे लिहून पाठवलं की परवानगी जाणार होती, आणि पप्पा ती परत कधी मागणार नव्हते. सांगितलं तर भर गावात, नवऱ्यासमोर, आत्याचा अंगठा सगळ्यांना दिसणार होता. आबा, त्यांची सून, ट्रॅक्टरवाले, सगळे माझ्या अंगठ्याकडे बघत होते, कारण बघण्यासारखं दुसरं काही चाललं नव्हतं.

"लिहिलं का?" पप्पांनी विचारलं.

विचारलं होतं. "नाही," मी म्हणाले. "ते खोटं आहे."

माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. म्हशीनंसुद्धा मान वळवली. मी विमानाजवळ गेले, झाकण पिळून काढलं, ओढणीनं वरवर पुसलं आणि तोंडाला लावून फुंकलं. हवा गेली नाही. मग मी सगळं सांगितलं: चेपलेली टाकी, गुडगुड, भोकावरचं गंध. आणि शेवटी, जे सांगायला सगळ्यात अवघड होतं ते, की मला हे काल संध्याकाळी दिसलं होतं आणि आज सकाळीही दिसलं होतं.

पप्पांनी झाकण घेतलं. त्यांनीही फुंकून पाहिलं.

आत्या उठली. "म्हंजी माझ्यामुळं?"

"आक्का, तोंड म्या दाखवलं," पप्पा म्हणाले.

"तू गप." ती माझ्याकडे वळली. "तुला दिसलं व्हतं ना? मंग काल का न्हाई बोललीस? तोंडात गूळ धरला व्हता का?"

"तुम्ही डोळे मिटले होते," मी म्हणाले.

आत्यानं बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि पप्पांच्या हातात दिली. भोकातून लाल-पिवळी भुकटी निघाली आणि तिच्याबरोबर अर्धा तांदूळ.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती, पण पप्पा फिटर आहेत. फिटर पुरावा बघितल्याशिवाय उठत नाही. त्यांनी कार्बोरेटर परत बसवला, नळी जोडली, चाकांपुढे दगड लावले, शेपटी ट्रॅक्टरला साखळीनं बांधली आणि सगळ्यांना पंख्यापासून लांब, मागच्या बाजूला नेलं. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. बराच वेळ चालवलं, अजिबात खोकलं नाही. मग पप्पा आत्याला ओरडून म्हणाले, "आक्का, हितं ये. भोकावर अंगठा ठेव. दाबून."

"म्या?"

"तूच. तुझ्याच अंगठ्याचा परताळा घ्यायचाय."

पंख्याचा वारा पदर उडवत होता, म्हणून आत्यानं पदर खोचला आणि टाकीच्या झाकणावर अंगठा दाबून उभी राहिली. इंजिन चालूच. दोन मिनिटं गेली, पाच गेली. आबांची सून चहा घेऊन आली. आत्याला अंगठा काढता येईना, म्हणून तिनं डाव्या हातानं बशी धरून चहा प्यायला. गावातली माणसं पैज लागल्यासारखी टाकीकडे बघत होती. "आत चालली, आत चालली!" कुणीतरी ओरडलं, आणि खरंच टाकीचे गाल आत जात होते. आणखी थोडा वेळ, आणि इंजिन खोकलं. एकदा, दोनदा.

"काढ अंगठा!"

आत्यानं अंगठा उचलला. टाकी टप्‌कन फुगली, इंजिन परत एका सुरात गरजायला लागलं आणि बांधावरच्या लोकांनी अशी आरोळी ठोकली की आबांची म्हैस दोर सोडवून निघून गेली. पप्पांनी इंजिन बंद केलं. आत्या अंगठ्यावर उठलेला गोल वळ सगळ्यांना दाखवत फिरत होती. "इंजिन बंद पाडलं ह्यानं! सादा अंगठा न्हाई ह्यो!" काका म्हणाले, "हे मला इचारा. बत्तीस वर्सं त्याच्याखाली हाय." आत्यानं त्यांना पिवळी साडी फेकून मारली.

विमान अर्थातच तिथून उडवता येणार नव्हतं. पंख काढायला पप्पांबरोबर सहा जण लागले, आणि आबांनी निमोण्यापर्यंत ट्रॉली द्यायचं कबूल केलं. अट एकच, की नातवंडांचा फोटो विमानात बसवून काढायचा, पंख असताना. तो आधी काढला.

ऊन कललं तेव्हा मी आबांच्या ओसरीवर बसून पाचवा रकाना लिहिला. पप्पा हात पुसत आले आणि म्हणाले, "वाच." मी मराठीत वाचून दाखवलं: टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक कोरड्या भुकटीनं बंद झालं होतं. उड्डाणाआधी ते पॅसेंजरच्या लक्षात आलं होतं, पण तिनं सांगितलं नाही.

"भुकटी?" आत्या म्हणाली. "कुंकू हाय ते!"

"आक्का, थांब." पप्पा विचार करत होते. "ते पॅसेंजर काढ."

"का? मी पॅसेंजरच होते."

"पॅसेंजरनं न्हाई सांगितलं तरी चालतंय. त्याचं कामच नसतंय ते. क्रू लिही."

ते मला लागलं. आणि तितकाच आनंदही झाला. मी शब्द बदलला आणि पाठवून दिलं. मग, कुणीही विचारलेलं नसताना, मी पप्पांना सांगितलं की शेडच्या पत्र्याचा मागचा बोल्ट तीन महिन्यांपासून ढिला आहे, उजव्या पंखाची पट्टी डाव्यापेक्षा थोडी वर बसते, आणि उतरताना ते जिभेचं टोक बाहेर काढतात, तसंच उतरले तर एक दिवस जीभ चावली जाईल.

"घ्या," आत्या म्हणाली. "आता हिला गप कोन करनार?"

पप्पा बोल्टाचं माप विचारत होते.